गोठ्यात दोन म्हशी आणि सुनेची कोरी कॉफी

*ताई, लग्नाला दीड वर्ष झालं. माहेर नांदेडचं, नोकरीची चार वर्षं बंगळुरूत गेली. आता निलंगा तालुक्यात सासरी राहून घरूनच काम करते. मी कॉफी दूध-साखरेशिवाय पिते. तशीच आवडते. शिवाय दुधाचा चहा किंवा कॉफी घेतली की पोट फुगतं, दुपारपर्यंत गुडगुडत राहतं. ताक-दही मात्र चालतं. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, माझा कप बघवत नाही. ‘काय पिऊ लालीस गं हे काळं? घरात दुधाला तोटा हाय का?’ हे रोजचं. एकदा त्यांनी घोटभर चाखली आणि कडूजहर म्हणून चुळ भरली. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, शुगर आहे, त्यांचा बिनसाखरेचा चहा वेगळा होतो, त्याचं कुणाला काही नाही. मागच्या महिन्यात नणंदेच्या सासरचे पाहुणे आले, तेव्हा मी माझा कप घेऊन सगळ्यांत बसले. पाहुणे गेल्यावर आत्याबाई रडल्या. लोक म्हणतील, सुनेला दूधसुद्धा देत नाहीत. मलाही राग आला. खरी कॉफी काळीच असते, तुम्ही पिता ते नुसतं गोड दूध, असं मी बोलून गेले. तेव्हापासून त्या कामापुरतंच बोलतात. नवरा म्हणतो, एक कप घोटून टाकायला काय जातंय? ताई, मी हट्टी आहे का?*
*– एक सून, निलंगा तालुका*

पोरी,

कपाच्या बाबतीत तू हट्टी नाहीस. त्या एका वाक्याच्या बाबतीत आहेस, आणि ते तुलाही कळलंय, नाहीतर तू ते पत्रात लिहिलं नसतंस.

आधी आत्याबाईंच्या रडण्याबद्दल बोलते, कारण तुला ते नीट उमगलेलं नाही असं मला वाटतं. बिनदुधाच्या चहाला आपल्याकडे कोरा चहा म्हणतात. काळा म्हटलं तर नुसता रंग कळतो. कोरा म्हटलं की काय नाही ते कळतं. कोरी पाटी, कोरा कागद, तसा कोरा चहा. ज्या घरात दूध नाही त्या घरातला चहा. तू बंगळुरूत चार वर्षं हा कप आवड म्हणून प्यायलीस. निलंग्याच्या ओसरीवर तोच कप वेगळंच काही सांगतो, आणि ते तू सांगत नसलीस तरी समोरच्याला ऐकू येतं.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आमचं गाव उदगीरच्या बाजूचं. आई आणि वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर खायला सुकडी मिळायची, रेशनला मिलो नावाची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. आमची एक देवणी गाय होती, दिवाळीच्या आधी वडिलांनी ती बाजारात नेली आणि एकटेच परत आले. त्यानंतर आमच्या घरात दूध नव्हतं. पण पाहुणा यायचा थांबत नाही. पाहुणा दारात दिसला की आई माझ्या हातात पितळी पेला द्यायची आणि मागच्या दारानं शेजारी पाठवायची. कधी पेल्याच्या तळाशी चार घोट दूध मिळायचं. बहुतेक वेळा ‘आज नाही गं माय’ हे ऐकून मी रिकामा पेला घेऊन यायची. मग आई गूळ घालून कोरा चहा करायची आणि दाराआडूनच म्हणायची, दूध फाटलं बघा. पाहुणा काही न बोलता प्यायचा. त्याच्याही घरी तेच असणार. पण आईचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. दूध फाटलं नव्हतं हे त्या घरात मला आणि तिला, दोघींनाच ठाऊक होतं.

तुझ्या आत्याबाई माझ्या वयाच्या असतील, किंवा थोड्या लहान. त्यांना ७२ आठवत नसलं तरी त्यांच्या आईच्या तोंडून त्यांनी ते ऐकलेलं आहे. आणि २०१६ तर त्यांनी स्वतः काढलंय. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथे माणसांची ही गत, तिथे जनावरांना कोण पाणी दाखवणार? कितीतरी गोठे तेव्हा मोकळे झाले, कितीतरी जनावरं छावणीच्या दावणीला गेली. तुमच्या दोन म्हशी, किंवा त्यांच्या आया, त्या वर्षी कुठं होत्या, हे तू कधी विचारलंस का? विचार. पदर खोचून भांडायला जाण्याआधी हा एक प्रश्न विचार आणि त्या सांगतील ते पूर्ण ऐकून घे. मला खात्री आहे, त्या बाईनं एखादी म्हैस टिकवायला कुणाकडून तरी कडब्याची पेंढी मागून आणलेली असेल. त्या बाईच्या घरात दूध असणं ही कमाई आहे. आणि तिची सून चार पाहुण्यांत कोरा कप घेऊन बसली. त्या रडल्या ते कॉफीवरून नव्हे.

हे सगळं खरं. तरी पोट तुझं आहे, आणि ‘एक कप घोटून टाक’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, वाढत्या वयात बऱ्याच जणांत कमी होतं, आणि आपल्या देशात असे लोक पुष्कळ आहेत. मग ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, वायू होतो, पोट फुगतं. ताक-दही तुला चालतं, तेही याच्याशी जुळतं. विरजणातले जिवाणू त्यातली थोडीफार साखर आधीच खाऊन टाकतात, आणि उरलेली पचवायलाही मदत करतात. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. तरी एकदा डॉक्टरांना दाखव, कारण पोट फुगायला दुसरीही कारणं असतात. पण रोज सकाळी एक कप घोटून दुपारपर्यंत कळ काढायची आणि त्याला घरातली शांतता म्हणायचं, हे कुणी तुला सांगू नये. नवऱ्यानं तर नाहीच.

आता भाषेचा एक बारकावा सांगते. आपल्याकडच्या बायका ‘आवडत नाही’ हे ऐकून दुखावतात, आणि ‘सोसत नाही’ हे ऐकून कामाला लागतात. वांगं आवडत नाही म्हणणारी सून नखरेल ठरते. वांगं सोसत नाही म्हटलं की तीच सासू सणाच्या दिवशीही तिच्यापुरती वेगळी भाजी टाकते, आणि दहा जणींना सांगते, तिला खाज सुटते बाई. मामांचा बिनसाखरेचा चहा तुमच्या घरात चालतो तो याच वाटेनं. साखर त्यांना नावडती झाली म्हणून नाही, सोसेनाशी झाली म्हणून. (आणि ते पुरुष आहेत म्हणूनही. त्यांचं पातेलं वेगळं ठेवताना कुणाला भार वाटला नाही, तुझ्या कपाचा मात्र झाला. हे मला खटकतं, आणि तुला खटकलं तर तू चुकत नाहीस.)

तू आजवर आत्याबाईंना काय सांगितलंस? पत्रावरून मला दिसतं की तू कॉफीची बाजू मांडत राहिलीस, पोटाचं बोललीच नाहीस. किंवा बोललीस ते इतकं ओझरतं की ते बहाण्यासारखं वाटलं. नीट बस, आणि सांग: ‘आत्याबाई, कच्चं-तापवलं कोणतंही दूध मला सोसत नाही, दुपारपर्यंत पोट गुडगुडतं. तुमचं ताक मात्र मला फार मानवतं.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून ती सांगायला तुला जड जाणार नाही. तुला कोरी कॉफी आवडतेसुद्धा, हे लपवायचं कारण नाही. फक्त आधी पोट आणि मग आवड, हा क्रम ठेव.

आणि ताक हे नुसतं बोलण्यापुरतं ठेवू नकोस. रोज मागून पी. दुपारच्या जेवणात त्यांच्या हातच्या घुसळलेल्या ताकाचा मोठा पेला, ज्वारीच्या भाकरीवर घरचं तूप. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, गायीच्या दुधात साधारण साडेतीन-चार. इतकं दाट दूध घरात असताना सून त्याला हात लावत नाही, ही त्यांची खरी बोच आहे. तू कपातून दूध काढलंस तर ते ताटात घे. दावणीला पेंड घालणाऱ्या बाईला तिच्या म्हशीचं काहीतरी तुझ्या पोटात गेलेलं दिसू दे.

आता ते वाक्य. ‘खरी कॉफी काळीच असते.’ पोरी, हे खरं नाही, आणि तू त्याच्या जोरावर एका बाईचा अपमान केलास, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉफी पिण्याची रीत येमेनमधल्या सूफींकडून पसरली. रात्रीच्या जपाला जाग राहावी म्हणून पंधराव्या शतकात ते ती पीत. त्यात दूध नव्हतं, इथपर्यंत तुझं बरोबर. पण अरब घरांत आजही कॉफीत वेलदोडा पडतो, कुठे केशर पडतं. जिथून हे झाड आलं त्या इथिओपियात काही भागांत मीठ किंवा लोणी घालून पितात. तुर्की कॉफीत साखर लागते ती शिजतानाच टाकतात. म्हणजे जिथे कॉफी जुनी आहे तिथेही लोकांनी आपापल्या घरचं काही ना काही त्यात घातलंच. आणि तू तर कर्नाटकात राहिलीस. मक्क्याहून येताना बाबा बुदान यांनी येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा तिथे सांगतात. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. आपल्या देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच पिकते, साधारण सत्तर टक्के. आणि तिथला माणूस सकाळी स्टीलच्या पेल्यातून काय पितो? दुधाची, साखर घातलेली, वरून फेस आणलेली फिल्टर कॉफी. त्याची खोटी म्हणशील?

तशी आपलीही एक आहे. दूध उकळून, साखर घालून, वर जायफळ किसून केलेली मराठी कॉफी. आमच्या लहानपणी ती रोजची नव्हतीच. एकादशीला, रात्रीच्या भजनानंतर, कोजागरीला, नाहीतर घरात कुणी तापातून उठलं की व्हायची. चहाचं घर होतं आमचं, गाव निजामाच्या राज्यातून आलेलं, नाक्यावर चहाच. कॉफी म्हटलं की आज काहीतरी विशेष आहे हे मुलांना कळायचं. जायफळाचा वास आला की आम्ही झोपेतून उठून बसायचो. मी आजही तीच पिते, साखर कमी करून. माझी मुलगी कोरी पिते. आमच्या ओट्यावर दोन्ही होतात, आणि त्यांतली कुठली वरची आहे याचा हिशेब आम्ही कधी केला नाही.

‘नुसतं गोड दूध’ हे तू ज्याला म्हणालीस ते त्या बाईनं कदाचित अशाच एखाद्या रात्री पहिल्यांदा प्यायलं असेल. त्याबद्दल माफी माग. कारणं न देता, ‘पण’ न जोडता. ‘मी त्या दिवशी चुकीचं बोलले’ एवढं पुरे आहे.

त्यांनी तुझी कॉफी चाखून चुळ भरली त्याचंही कारण बघ. तू पूड कुठून आणतेस ते लिहिलं नाहीस. गावातल्या किराणा दुकानात मिळतात त्या छोट्या पुड्यांत बहुतेक वेळा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ, भाजून दळलेलं. ती भेसळ नव्हे, कायद्यानं चालते, पण कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि किती टक्के काय आहे ते पाकिटावर छापावं लागतं. ते वाचत जा. चिकोरीनं रंग गडद होतो, दाटपणा येतो, दुधात ते छान लागतं. दुधाशिवाय मात्र तिचा जळकट कडवटपणा उघडा पडतो. त्यात पूड रोबस्टा जातीची असेल तर कडूपणा आणखी वाढतो, कॅफिनही अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट. तू कोरी पितेस तर बिनचिकोरीची, अरेबिका जास्त असलेली पूड आण, आणि उकळत्या पाण्यात खदखदू देऊ नकोस. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांब, मग ओत. तरी कडू लागली तर चिमटीच्या टोकावर येईल एवढं मीठ टाकून बघ, कडूपणा दबतो.

पाण्याचंही बघ. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. अशा पाण्यातले क्षार कॉफीतला आंबूसपणा मारून टाकतात, मग ती सपक आणि खडूसारखी लागते. घरी पिण्यासाठी जार येत असेल तर त्यातलंच कपभर पाणी वापर. बंगळुरूची चव इथे येत नाही असं तुला वाटत असेल तर निम्मं कारण हेच असेल.

पण आत्याबाईंना पुन्हा कोरी चाखायला लावू नकोस. त्यांना ती आवडायलाच हवी हा हट्ट नको. त्यापेक्षा एका रविवारी त्यांच्यासाठी त्यांची कॉफी कर. स्टीलचा फिल्टर तुझ्याकडे असेलच. वरच्या भांड्यात तीन-चार मोठे चमचे चिकोरीवाली पूड, त्यावर गरम पाणी, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. खाली जो दाट अर्क उतरेल तो पातळ करू नकोस, कारण म्हशीचं दूध हलक्या कॉफीला गिळून टाकतं. दूध त्या दिवशीच्या धारेचं, एक उकळी आलेलं. साखर त्यांच्या हातानं त्यांना घालू दे. जायफळ मात्र तू किस, दोनदा किसणी फिरवली की बास, जास्त झालं तर कडवट होतं. मामांसाठी तीच बिनसाखरेची. तुझा कप तिथेच शेजारी ठेव, लपवून प्यायची गरज नाही.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. पुढच्या वेळी कप हातात घेऊन बसण्याआधी स्वयंपाकघरात आत्याबाईंना विचार, माझी कॉफी बाहेर आणू का ताक घेऊ? त्या म्हणाल्या ताक घे, तर त्या दिवशी ताक घे. त्यात तुझं काही जात नाही, तेही तुला चालतंच. त्या म्हणाल्या आण बाहेर, तर पाहुण्यांना उत्तर तू देऊ नकोस. उत्तर त्यांचं असू दे. ‘आमच्या सुनेला दूध सोसत नाही, पण ताक बघा, तांब्याभर पिते.’ हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदा गेलं की गावात तेच फिरेल. घराची अब्रू राखायचं काम त्या इतकी वर्षं करत आल्या आहेत, हेही त्यांना करू दे.

नवऱ्याशी वेगळं बोल. घोटायला सांगणं सोपं असतं, कारण घोट दुसऱ्याच्या घशातून जातो. त्यानं एकदा आईजवळ बसून म्हणायला हवं होतं, माय, तिला खरंच त्रास होतो, मी बघितलंय. तुझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याचं ते एक वाक्य जास्त चालेल. दीड वर्षात तो ते बोलला नाही, याचा मला तुझ्या सासूपेक्षा जास्त राग आला.

तब्येतीचं थोडक्यात. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं, म्हणजे घरगुती तीन-चार कप. दिवस राहिले तर २०० च्या आत राहा, म्हणजे दोनाच्या पुढे नको. जेवणावर लगेच कॉफी घेऊ नकोस, अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, चांगला वेळ जाऊ दे. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना रक्त आधीच कमी असतं. आणि संध्याकाळी उशिरा पिऊन रात्री जागी राहत असशील तर चिडचिडीचं तेही एक कारण असू शकतं.

त्या पुन्हा विचारतील, एकदा नाही, दहादा विचारतील, ‘थोडं दूध घालू का गं?’ तेव्हा तुला वाटेल, सगळं सांगून झालं तरी हे चालूच आहे. त्यांना तो प्रश्न विचारू दे. तू नको म्हण, आणि पेला पुढे करून ताक माग. उन्हाळा तोंडावर आला आहे, तुमच्याकडे घुसळण आता रोजचीच असेल.

तुझी,
ताई